बारोलो नावाची इटालियन रेड वाइन: कशी उघडायची आणि सोबत काय रांधायचं?

द्राक्षबाग_मोहाडी (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातला, मोहाडीकडचा. घरची पाच एकर बाग, सगळी थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. प्रश्न द्राक्षाचाच आहे, फक्त बाटलीतल्या.

लेक इटलीत तोरिनोला शिकते. नाताळच्या सुट्टीत आली आणि बॅगेतून एक बाटली काढली, तीन स्वेटरांत गुंडाळलेली. लेबलावर बारोलो, त्याखाली ला मोरा, साल २०१८, अल्कोहोल १४ टक्के. मानेवर नोटेच्या कागदासारखी एक सरकारी पट्टी. किंमत विचारली तर म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त प्या." म्हणजे महाग असणार.

रविवारी धाकटा भाऊ आणि भावजय नाशिकहून जेवायला येताहेत, तेव्हा उघडायची आहे. भाऊ मटणाशिवाय जेवत नाही. भावजय मटण खात नाही, वाइन चालते.

वाइनचा माझा अनुभव एकच आणि तोही वाईट. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी एक रेड वाइन भेट दिली होती. ती उन्हाळाभर फ्रिजच्या डोक्यावर उभी होती. गटारीला उघडली, सोबत मंडळींच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा. पहिल्या घोटाला जीभ आवळली, दुसऱ्याला कान तापले. उरलेली मोरीत ओतली. दोष वाइनचा होता, रश्श्याचा की माझा, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आणखी एक सांगतो. २००५ साली मी दोन एकर शिराज लावली होती, वाइनसाठी, करारावर. पहिले हंगाम बरे गेले. २००९ला वायनरीने माल उचललाच नाही. घड वेलीवर सुकले. २०१०ला बाग उपटून परत थॉमसन लावली. आमच्या भागात तेव्हा बऱ्याच जणांनी हेच केलं. पण त्या द्राक्षाची वाइन कशी लागत होती ते मी कधी चाखलंच नाही. ना कुणी दिली, ना मी मागितली. म्हणून ही बाटली वाया घालवायची नाही. कशी ठेवू, कधी उघडू, काय रांधायला सांगू?


मिसळ_आधी_सातपूर (सोमवार, रात्री)

काका, चार खडे बर्फ, वर सोडा आणि सोबत मिसळ, तर्री मारके. बाकी इटलीवाले गेले उडत.


चाखणघर_गंगापूर (मंगळवार, सकाळी)

वरचं कृपया करू नका, काका. सातपूरचे हे भाऊ प्रत्येक धाग्यात हेच लिहितात.

मी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये अकरा वर्षं काम करते. शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात, त्यांना ग्लास कसा धरायचा ते दाखवणं हे माझं पोट भरायचं साधन. तुमच्या गटारीच्या प्रसंगाचा निकाल आधी देते. अर्धा दोष फ्रिजच्या डोक्याचा. तिथे दिवसरात्र गरम असतं, आणि बाटली उभी ठेवली की बूच सुकून आत हवा शिरते. उरलेला अर्धा रश्श्याचा. तुमचा शून्य.

आता तुरटपणाचं. ती जीभ आवळली ना, ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीत, बीत आणि देठात असतं. तुम्ही बिनबियांची द्राक्षं लावता, पण शिराज लावली होती म्हणजे बी चावून पाहिली असेलच. कच्चं केळं, जांभूळ, सुपारी, सगळा त्याच घराण्यातला तुरटपणा. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. कोरा चहा जास्त उकळला की असंच होतं आणि दूध घातलं की निवतं, कारण दुधातली प्रथिनं ते टॅनिन आधीच धरून ठेवतात. बारोलोसोबत जेवताना दुधाचं हे काम मटणाने करायचं असतं. चरबी, मीठ, मऊ शिजलेलं मांस असं काहीतरी पोटात जाऊ द्या, मग तीच वाइन दुसऱ्या घोटाला वेगळी लागेल.

तिखटाचं उलट होतं. मिरचीची आग आणि १४ टक्के अल्कोहोलची आग एकमेकींना पेटवतात, वर तुरटपणा आणखी टोचतो. म्हणून तुमचे कान तापले. गोडही नको, जिलबी खाऊन बारोलो प्यायलात तर ती आंबट-कडू काढा होईल.

बारोलोचं द्राक्ष म्हणजे नेब्बिओलो. साल पातळ, तरी टॅनिन भरपूर आणि रंग मात्र कमी. त्यामुळे ग्लासात ओतलीत की पाणी घातलेल्या डाळिंबाच्या रसासारखी दिसेल, कडेला विटकरी. "एवढे पैसे देऊन फिक्की?" असं भाऊसाहेब म्हणतील. म्हणू द्या.

थंडीत विचारलंत ते बरं झालं. हिला साधारण १६ ते १८ अंश लागतात. एप्रिलमध्ये मी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं असतं, कारण आपल्याकडे खोलीच पस्तीस अंशांची असते. या आठवड्यात संध्याकाळी ओटीवर ठेवलीत तरी पुरे. रविवारपर्यंत अंधाऱ्या खोलीत आडवी ठेवा. रविवारी सकाळी हलक्या हाताने उभी करा, म्हणजे गाळ असला तर तळाशी बसेल. जेवणाआधी दोन तास उघडून काचेच्या रुंद जगमध्ये हळू ओता. सरबताचा जग चालेल, आधी नुसत्या गरम पाण्याने धुवा, साबणाचा वास नको. नुसतं बूच काढून ठेवण्याचा उपयोग नाही, बाटलीच्या गळ्याएवढ्या जागेतून किती हवा लागणार?


तोरिनोतला_येवलेकर (मंगळवार, दुपारी)

काका, तुमची लेक माझ्याच गावात आहे म्हणजे. बारोलोची गावं इथून दक्षिणेला, गाडीने तासा-दीड तासावर. ती मानेवरची पट्टी डीओसीजीची, इटलीतला वाइनचा सगळ्यांत कडक दर्जा, बारोलोला १९८० साली मिळाला. त्यात नियम असा की वाइन किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडात. म्हणजे तुमची २०१८ची बाटली २०२२ उजाडेपर्यंत विकताच येत नव्हती. विचार करा, माल तयार आणि तीन वर्षं पैसे अडकलेले.

बारोलो अकरा गावांतच होते. ला मोराची जरा नरम, सुवासिक. पलीकडच्या टेकडीवरच्या सेर्रालुंगाची ताठ असते, तिला जास्त वर्षं लागतात. २०१८ हलकं, लवकर पिण्याजोगं वर्ष मानतात. तेव्हा आत्ता उघडताय ते चुकत नाही.

इथे हिच्यासोबत ब्राझातो करतात: गोमांसाचा मोठा तुकडा बारोलोतच तासन्‌तास मंद शिजवतात. नाहीतर ताजारिन, म्हणजे भरपूर पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, वर लोणी, आणि शरदात आल्बा गावाकडचे पांढरे ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी सुवासिक अळिंबी. मसाले जवळजवळ नाहीतच. आणि हो, माणसं रोज बारोलो पीत नाहीत. रोजच्या जेवणात बारबेरा किंवा दोल्चेत्तो, या इथल्याच दुसऱ्या रेड वाइन, बारोलो पाहुणे आले की.


द्राक्षबाग_मोहाडी (मंगळवार, रात्री)

ताई, येवलेकर, दोघांचे आभार. लेकीकडून दोन गोष्टी कळल्या त्या सांगतो, बागवाल्यांना मजा वाटेल. हे नेब्बिओलो तिकडे सगळ्यांत आधी फुटतं आणि सगळ्यांत शेवटी पिकतं. काढणी ऑक्टोबरात. म्हणजे आम्ही इथे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, करतो तेव्हा ते घड तोडतात. आणि नाव म्हणे धुक्यावरून पडलं, नेब्बिया म्हणजे धुकं, काढणीच्या दिवसांत टेकड्यांवर उतरतं. आमच्याकडे धुई पडली की रात्रीची झोप जाते, वेलीवर केवडा रोग येईल म्हणून पहाटे फवारणीचा ब्लोअर जोडायचा. यांनी द्राक्षालाच तिचं नाव दिलं!

येवलेकर, गोमांसाचा इथे प्रश्नच नाही. पण मंडळींना हा सगळा धागा वाचून दाखवला, तर कणीक मळता मळता म्हणाल्या, "मग त्याला आळणीच द्या की. पोरं लहान असताना द्यायचो तसं." मी गप्प. रस्सा करण्याआधी हळद-मिठात शिजवलेलं मटण, मसाला नाही, तिखट नाही. ताई, चालेल का?


चाखणघर_गंगापूर (मंगळवार, रात्री)

काकूंना माझा नमस्कार सांगा. अकरा वर्षांत मला हे सुचलं नाही. आम्ही पाहुण्यांना चीजचे चौकोन देत बसतो.

अगदी आळणीच. आलं-लसूण घाला, कांदा तुपात मऊ होऊ द्या, चार मिरी आणि एखादं तमालपत्र चालेल. हिरवी मिरची वाटणात चुकूनही नको. खाटकाला नळ्या घालायला सांगा आणि अंगावर थोडी चरबी राहू द्या. पाणी बेताचं, सूप नको, अंगासरशी रस हवा. मिठात हात आखडू नका, मीठ कमी पडलं तर वाइन जास्त तुरट लागेल. भाकरीवर लोणी द्या.

भावजयींसाठी वांगं निखाऱ्यावर भाजून भरीत करा, मिरची-कच्चा कांदा वगळून, नुसतं लसूण, मीठ आणि वर तूप. बारोलोच्या वासात डांबराची एक छटा असते असं सगळेच सांगतात, भाजल्या सालीचा धुरकटपणा तिच्याजवळ जातो. शिवाय मशरूम तुपात चांगले लाल परता. पनीर नको, ते हिच्यापुढे टिकत नाही.


रस्सा_हवाच_सिन्नर (बुधवार, सकाळी)

हे सगळं ठीक, पण पाहुण्यांना आळणी वाढायचं? आजारी आहेत का ते? आमच्याकडे काळ्या मसाल्याशिवाय मटण म्हणजे अपमान. मी नाशिकचीच शिराज रश्श्यासोबत पितो, काही होत नाही. हे नियम गोऱ्यांनी केले, त्यांना तिखट झेपत नाही.


चाखणघर_गंगापूर (बुधवार, दुपारी)

सिन्नरकर, तुमचं अर्धं मला मान्य आहे. आपली शिराज फळकट, गोलसर, तुरटपणा बेताचा, ती जराशी थंड करून मध्यम तिखट रश्श्यासोबत जाते. मी स्वतः पिते. पण शिराजला चाललं म्हणून नेब्बिओलोला चालेल असं नाही. हापूस आणि कैरी दोन्ही आंबेच, म्हणून पन्हं हापूसचं करतो का आपण?

काका, वाढण्याचा क्रम बदला. आधी आळणी आणि बारोलो. बाटली संपली की मग रस्सा येऊ दे, भाऊसाहेबांचा मानही राहील.


द्राक्षबाग_मोहाडी (पुढचा सोमवार, रात्री)

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

पहिली फजिती बुचाची. घरी स्क्रू नव्हता. लेकीने आणला असेल म्हणून मी निर्धास्त, तो ती तोरिनोलाच विसरली. भावाला फोन करून नाशिकहून मागवला, तो आला बारा वाजता. जेवण एकला ठरलेलं. म्हणजे दोन तासांच्या जागी एकच तास मिळाला. बूच निघालं तेव्हा खालचं टोक पाहिलं, जांभळट ओलं. वास घेतला, मला नुसता लाकडाचा आला.

सरबताच्या जगमध्ये ओतली. रंग ताईंनी सांगितला तसाच. भाऊ म्हणाला, "दादा, ही तर कोकम." लगेच चाखली. खरं सांगतो, गटारीची आठवण झाली. जीभ आवळली, हिरड्यांना सुद्धा कळलं. आंबट इतकी की आमच्या मालाला व्यापाऱ्याने असा दात आंबवणारा रस चाखला असता तर क्रेट परत केले असते. आम्ही सतरा-अठरा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) आणि बरोबर आंबट-गोड बघून काढतो, यांनी त्यातली सगळी साखर अल्कोहोलला देऊन टाकलेली आणि आंबट तेवढं ठेवलेलं. लेक म्हणाली, थांबा.

एक वाजता पानं घेतली. मी आधी नळी उचलली. ताटावर ठोकली, ओढून खाल्ली, बोटाला तूप लागतं तशी चरबी लागली. ओठ पुसले नाहीत, तसाच एक घोट घेतला.

तुरटपणा गेला असं नाही म्हणणार. तो होता, पण जिभेवर चढून बसला नव्हता. नांगरटीनंतर ढेकूळ आणि वखरणीनंतरची माती, एवढा फरक. आणि आंबटपणाने तोंडातली चरबी धुऊन काढली, पुन्हा एक घास घ्यावासा वाटला. भाऊ काही बोलला नाही, ग्लास पुढे केला. तो काही बोलत नाही म्हणजे आवडलं.

वास मात्र मंडळींना आधी आला. त्या पीत नाहीत, नुसता ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "गुलकंदाची बरणी उघडल्यासारखं आहे." मग मलाही आला. आधी का आला नव्हता कोण जाणे. नंतर लेकीने ज्येष्ठमध म्हटलं, ते मला पटलं. डांबराचं नाही पटलं. मी जगमध्ये नाक घालून बघितलं, मला डांबर काही सापडलं नाही. भावजयीला सापडलं म्हणे, भरीत खाल्ल्यावर. तिने भरीत आणि बारोलो एवढ्यावरच जेवण केलं. मशरूम जरा पाणचट झाले, आमची कढई तेवढी तापली नव्हती.

बाटलीत सहा ग्लास भरतात हे लेकीने आधीच सांगितलं होतं. चौघांत दीड-दीड. दुसरा ग्लास अडीचच्या सुमाराला घेतला, तो सगळ्यांत चांगला लागला. तेव्हा कळलं, तो हुकलेला तास महागात पडला. स्क्रू आता घरात आणून ठेवलाय.

रस्सा शेवटी आलाच. सिन्नरकर, तुमच्यासाठी मुद्दाम तळाचा एक घोट राखून रश्श्यासोबत घेतला. आग झाली. पुन्हा करणार नाही. भावाने मात्र तीन वाट्या रस्सा ओरपला आणि जाताना मंडळींना म्हणाला, "वहिनी, पण पुढच्या वेळी आळणी जास्त करा."

एक गोष्ट रात्रभर डोक्यात राहिली. शिराजचे घड तोडायचो तेव्हा संध्याकाळी हात जांभळे व्हायचे, दोन दिवस निघायचे नाहीत. तो रंग घरच्या पांढऱ्या टॉवेलवर अजून आहे. तेवढा गडद माल होता माझा. ताई, तुमच्याकडे शिराज आहे का? चाखायची आहे. जानेवारीत जमणार नाही, माल सुरू होतोय. एप्रिलच्या खरड छाटणीआधी एखाद्या दिवशी येतो.


मिसळ_आधी_सातपूर (सोमवार, रात्री)

काका, नळीचं वाचून भूक लागली. रात्रीचे अकरा वाजलेत, आता मटण कुठून आणू?


चाखणघर_गंगापूर (मंगळवार, सकाळी)

शिराज आहे, काका. मार्चअखेर या, शनिवार-रविवार टाळून. मधल्या वारी शांत असतं, टाकीतली नवी वाइनही दाखवते. लिंक रोडकडून आलात तर वीस मिनिटं वाचतील.

बाहेरचं जेवण आत चालत नाही. काकूंनी आळणीचा डबा दिलाच तर गेटवर मला फोन करा, मी बाहेर येते.